मांजराचा शेर

मौलाचाचाच्या भिवया काळ्या हुत्या का पांढऱ्या, ते मला आजबी सांगता यायचं न्हाय. कवाबी बगा, त्यावर कापूस. पापन्यावर कापूस, मिशीत कापूस, कानात कापूस. तरनाच मानूस, पर लांबनं म्हातारा वाटायचा. हुसेनचाची, म्हंजी त्याची बायको, हसत सांगायची, "निकाहच्या दिवशी तेवडं तोंड धुऊन आलते बाई. तवा म्याच मान वर केली न्हाय. दुसऱ्या दिवशी बगितलं, तर हे आसं."

जातीनं नदाफ. गावात पिंजारी म्हनायचे. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, उश्या भरायच्या. आमच्या घराला लागून त्याचं आंगन, आंगनाच्या पलीकडं दर्ग्याची मोकळी जागा आन लिंबाचं झाड. नळदुर्गापसनं गाव जरा आत हाय. नाव सांगत न्हाय. त्यातली काय घरं आजून हायती.

माजं सासर धनगराचं. मी लगीन होऊन आले तवा निजामाचं राज हुतं आन तिकडं कुठंतरी मोठी लढाई चाललेली. राकेल मिळंना, कापड मिळंना. सासऱ्यानं पयल्याच दिवशी उंबऱ्याकडं बोट केलं आन म्हनले, "ह्याच्या भाईर सुनंचं काम न्हाय." आड परसातच हुता, म्हंजी पान्यालाबी भाईर जायचं कारन न्हाय. नवरा मेंढरं घेऊन गेला की म्हयना म्हयना येत नसायचा. ऱ्हायलं माळवद. मातीचं सपाट छप्पर, तितं वाळवन घालायचं, तूर राखायची. खाली घर आन वर माळवद, एवडंच माजं गाव. तितनं मौलाचाचाचं आंगन दिसायचं.

त्याची एक रीत हुती. शेजारच्या सुनंशी सरळ बोलायचं न्हाय. मग काय, कापसाशी बोलायचा. धनुकलीची, म्हंजी कापूस पिंजायच्या धनुष्याची, तात वाजवायची, धुन-तक, धुन-तक, आन कापसाला सांगायचं, "कापसा, वर वाळवनात कावळा बसलाय. तुला दिसतोय का?" मी कावळा हाकलायची. "कापसा, सासू जिना चढायलीय. निजला आसशील तर ऊट." मी उटून बसायची.

सासूला ते ठाऊक हुतं. येक दिवस वरनंच बोलली, "त्या कापसाला म्हनावं, लई तोंड फुटलंय तुला."

चाचानं तात थांबवली न्हाय. "कापसा, बग बाबा, मालकीनबाई तुज्याशी बोलल्या. आता तू गादीत जात न्हायस, तू आता तक्क्यात जानार."

सासू हसली. म्या तिला हसताना बगितलं ते आसं दोन-चारदाच.

माजं पयलं पोर पाळन्यातच गेलं. त्याची बारकी गादी सासू म्हनली टाकून दे. माज्यानं टाकवंना. माळवदावर घेऊन बसले हुते. खालनं आवाज आला, "कापसा, ये खाली. तुला येकल्याला बरं वाटायचं न्हाय." म्या गादी खाली सोडली. त्यानं उसवली, कापूस पिंजला, आन तवा त्याच्याकडं कुनाची तरी मोठी गादी भरायला आली हुती, तिच्यात घातला. कुनाची, ते म्या इचारलं न्हाय. त्यानंबी सांगितलं न्हाय. गावातलं कुनीतरी त्यावर निजत आसंल.

आता शेराचं सांगते.

मौलाचाचा शेर करायचा. लिवता येत न्हवतं. तात वाजली की तोंडातनं यायचे. धनुकली हातात नसली की साधं बोलनंबी आडायचं त्याचं. हुसेनचाची म्हनायची, "माज्यासंगं भांडायचं आसलं तरी आदी धनुकली शोधतेत."

उर्दू शाळेचे मास्तरसाहेब हुते, म्हातारे, लई सज्जन. त्येनी दर्ग्याम्होरं मुशायरा सुरू केला. मुशायरा म्हंजी ज्याला शेर येतो त्यानं म्हनायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. गावातलेच कवी, गावातलेच लोक, आन समदं फुकट. लोकांना आदी खरं वाटंना. सासरा म्हनले, "फुकट बोलवतेत म्हंजी कायतरी वसूल करनार." पर गुळाचं पानी मिळतंय म्हनल्यावर गेले.

मुशायऱ्याची येक चाल आसती. ज्याची पाळी, त्याच्या म्होरं दिवा ठेवायचा. दिवा म्होरं आला की बोलायचंच, न्हाय म्हनायचं न्हाय. आता राकेल तर मिळंना. म्हनून मास्तरसाहेबांनी मुशायरा दिवसाढवळ्या ठेवला, तिसऱ्या नमाजीनंतर, आन तसाच बिनपेटवलेला कंदील ह्याच्या म्होरनं त्याच्या म्होरं सरकवायचे. आमी बाया माळवदावर वाळत घातलेल्या घोंगड्यांच्या मागं बसून बगायचो. उनात थंडा कंदील, आन त्याच्या म्होरं मानूस घाम पुसतोय.

पयल्या टायमाला चाचा धनुकली घेऊनच बसला. कंदील आला. त्यानं तात वाजवली आन कापसाच्या तोंडनं म्हनला,

"मार पिंजाऱ्या मार मला, मी मारानं फुलनार,
तुज्यावरती पडला तर तू कसा रं फुलनार?"

लोक उटून वरडाय लागले, "मुकर्रर! मुकर्रर!" मास्तरांनी शिकवलेलं, की शेर आवडला की तसं म्हनायचं, म्हंजी पुन्यांदा म्हन. चाचाला ते ठाऊक न्हवतं. त्याला कचेरीतलं मुकर्रर ठाऊक, म्हंजी नेमलेलं. सारा मुकर्रर झाला, पाहारा मुकर्रर झाला. त्यानं धनुकली पोटाशी धरली आन हात जोडले. "मास्तरसाब, मला मुकर्रर करू नगा. घरी कापूस भिजल."

तवापसनं पोरं त्याला बगितलं की मुकर्रर म्हनून हाक मारायची. त्यो म्हनायचा, "व्हय बाबांनो, झालो."

मुशायऱ्याच्या आदी मास्तरसाहेब शेराची येक वळ देयाचे, समद्यांनी त्याच वळीवर शेर बांदायचा. ती वळ दवंडी पिटून सांगायची. आमचा दवंडीवाला म्हातारा, दात पडलेला, कानानं जड. येकदा वळ हुती, "हमको दिल में रहने दो." दिल म्हंजी काळीज. म्हाताऱ्यानं गावभर दवंडी दिली, "हमको बिल में रहने दो!" बिल म्हंजी उंदराचं बीळ.

मग काय. समद्या गावानं आठ दिस उंदरावर शेर बांदले.

मास्तरसाहेब काळजावर बोलले, आन त्यांच्या मागनं ईरप्पा तेली उटला. त्यो अर्धा कानडी. "इली बंतु, इली बंतु, पेंड खाऊन गेला," आसं कायतरी. इली म्हंजी उंदीर, बंतु म्हंजी आला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग कंदील चाचाम्होरं आला. धुन-तक.

"बाहर बिल्ली बैठी है,
हमको बिल में रहने दो."

येवडंच. लोक हसून हसून आडवे झाले. मास्तरसाहेबबी हसले. म्हनले, "मौला, चूक दवंडीवाल्याची, आन शेर तुजा." त्या दिवशी मुकर्रर, मुकर्रर म्हनून चाचाकडनं लई येळा म्हनून घेतला. मग गावाला त्यो शेर लागलाच. लेव्हीचं, म्हंजी सरकारला घालायचं, धान न्यायला सरकारी गाडी आली की बाया कनगीवर झाकन घालत म्हनायच्या, हमको बिल में रहने दो. नवऱ्यानं हाक मारली की बायको तेच म्हनायची. म्याबी मनात म्हनायची. माज्यावर त्यो शेर बेतल्यासारका बसला हुता. पर मी काय त्याला सांगितलं न्हाय.

लढाई सपली. मग दुसरंच सुरू झालं. इंग्रज गेले आसं ऐकलं, पर आमच्याकडं निजामच ऱ्हायला. सोलापूर आमच्या हातावर, आन तिकडं येक राज, इकडं येक. निजामाच्या बाजूची, खाकी कापडं घातलेली टोळी गावोगाव फिराय लागली. बंदुका, भाले. शेजारच्या गावात घरं जाळली. निजामाशी लढनारी इकडची पोरं हद्द वलांडून तिकडं जायची, तितं ह्या पोरांची ठानी हुती. माजा नवरा मेंढरं घेऊन जायचा ते तिकडंच. जाताना पोत्यात भाकरी आसायच्या, येताना काय आसायचं ते म्या बगितलं न्हाय. घरात कुनी बोलत न्हवतं. ईचारलं तर म्हनायचं, मेंढरामागं गेलाय.

येक दिवस तांबडं फुटताना नवरा चाचाच्या आंगनातनं भिताड चढून घरात आला. मी माळवदावर हुते. चाचा नमाजीसाठी वजू करून, हातपाय धुऊन, दारात उबा. चिखलात नवऱ्याच्या पायाचे ठसे उटलेले. चाचानं कापसाची पाटी आनली, आंगनभर कापूस पसरला, आन धनुकली घेऊन बसला. "कापसा, सकाळच्या पारी काय बगितलंस? काय न्हाय? बरं झालं. मलाबी काय दिसलं न्हाय."

म्हंजी त्याला समदं ठाऊक हुतं.

ती खाकीवाली टोळी आमच्या गावाला आली ती सुगीच्या नंतर. त्यांचा म्होरक्या लांबचा कुनीतरी. त्यानं मास्तरसाहेबांना बोलावलं आन म्हनला, "तुमच्याकडं मुशायरा व्हायचा म्हनं. बंद कशाला केला? होऊ द्या. समद्यांना बोलवा." दवंडी झाली. कुनी घरात बसायचं न्हाय. येयाला फुकट, जायाला बंदी. दर्ग्याच्या दोनी बाजूला बंदुकवाले उबे ऱ्हायले.

आमी बाया माळवदावर. घोंगड्या वाळत घातलेल्या. म्होरक्या खुर्चीवर बसला आन पयलंच त्यानं इचारलं, "वो बिल्लीवाला कौन है?"

चाचा सोताच उटला. "मैं, साहेब." कंदील त्याच्या म्होरं ठेवला.

"पढ."

धुन-तक. त्यानं म्हनला. कुनी हसलं न्हाय. मग म्होरक्या सोताच हसला, तसे लोकबी भ्याभ्यानं हसले.

"बिल्ली कौन है?"

"मांजर, साहेब. उंदीर खातंय ते."

"हम?"

"तोबा, साहेब. तुमी यायच्या आदीचा शेर हाय."

त्यो म्होरं वाकला. सावकाश, परेमानं बोलल्यावानी बोलला. "मला ठाऊक हाय, ह्या गावातलं कुनीतरी हद्दीपार रोटी पोचवतं. तू गाद्या भरत घरोघर फिरतोस. तुला समद्यांची अंथरुनं ठाऊक. बिल्लीच्या जागी त्याचं नाव घाल आन पुन्यांदा पढ. मग तू घरी जा, समदे घरी जा."

हे मला वर सोच्छ ऐकू आलं. माज्या नवऱ्याचं नाव बारकंच, बिल्लीच्या जागी शेरात नेमकं बसलं आसतं. सासूनं माजं मनगट धरलं. म्हनली, "नाव घेतलं तर आडात उडी. आदी मी, मागनं तू. त्यांच्या हाताला लागायचं न्हाय." मी व्हय म्हनलं. आड कुठं हाय ते डोळ्यांनी बगून ठेवलं.

खाली धुन-तक.

"बाहर बिल्ली बैठी है, हमको बिल में रहने दो."

जसाच्या तसा. म्होरक्या मागं टेकला. म्हनला, "मुकर्रर."

चाचानं म्हनला.

"मुकर्रर."

म्हनला.

म्होरक्या बाकी काय बोललाच न्हाय. बंदूक उचलली न्हाय, शिवी दिली न्हाय. मधनं मधनं सुपारी फोडायचा आन म्हनायचा, मुकर्रर. आन चाचा म्हनायचा. म्होरक्याला वाटलं आसंल, कटाळून नाव सांगल. कंदील हलवंना कुनी. चाचाची छाती मुळातच कापसानं भरलेली. खोकला आला. खोकला सपला की मुकर्रर. दिस कलला. मग धनुकलीची तात तटकन तुटली.

तवा मला वाटलं, सपलं. तात न्हाय तर त्याच्या तोंडातनं शब्द येत न्हाय, हे समद्या गावाला ठाऊक. सासूनं माजं मनगट सोडलं आन पदर खोचला. मीबी उटले.

चाचानं तुटकी तात बगितली. धनुकली बाजूला ठेवली. तात वाजवायचा लाकडाचा ठोकळा घेतला आन जिमिनीवर मारला. येक. मग येक. आवाज न्हवताच ऱ्हायला, फाटका वारा यायचा तोंडातनं, पर शेर त्योच.

मास्तरसाहेब रडत हुते. म्होरक्याला म्हनले, "जनाब, बस करा, मानूस मरंल." त्यो म्हनला, "मास्तर, तुमीच शिकवलं ना, चांगला शेर पुन्यांदा ऐकावा."

दिस मावळला, मगरीबची बांग झाली. म्होरक्या नमाजीला उटला, म्हनून सुटलं. न्हायतर कवा सुटलं आसतं, सांगता येत न्हाय. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या गावाला गेले.

सासूनं रातच्याला आंबील केली, गूळ घातला, आन सोता उंबरा वलांडून चाचाच्या घरी घेऊन गेली. हुसेनचाचीला म्हनली, "थोडी थोडी पाज." चाचाचा आवाज त्यो गेला, त्यो आलाच न्हाय. बेहडा झाला, हाळद झाली, नळदुर्गाचा हकीम झाला. तोंड हलायचं, वारा यायचा. तात नवी बसवली त्यानं. कापूस पिंजायचा. मी माळवदावर आसले की तात वाजायची, आन मधी गप. त्या गपमधी त्यो काय बोलतोय ते मला कळायचं न्हाय.

पावसाळा सरत आला आन आभाळात ईमानं दिसली. मग सोलापूरच्या सडकेनं फौज आली. चार दिवसात निजाम सपला म्हनले. खाकीवाले कुठं गेले, त्यांची कापडं कुठं गेली, देव जाने. माजा नवरा घरी आला. आमी नवी लुगडी नेसलो, दारात रांगोळी घातली.

आन मग दुसरी मानसं फिराय लागली. भाईरच्या गावची. ज्यांची घरं जळली हुती, त्यातलेबी काय आसतील, आन काय नुसतेच लुटायला. आता ते मुसलमानांची घरं ईचारत हुते. तिकडच्या वस्तीवर मानसं मारली आसं ऐकू आलं. त्यांना कुनीतरी सांगितलं, ह्या गावात खाकीवाल्यांम्होरं गानारा शायर हाय. दिवसभर गायला त्यांच्याम्होरं.

खोटं न्हवतं ते. दिवसभर गायलाच की.

नवऱ्यानं चाचाला आन हुसेनचाचीला आमच्या बळदात घातलं. बळद म्हंजी भितीतली आंधारी खोली, धान ठेवायची. तोंडाला पोती लावली. मी तितं भाकरी सारायची. हुसेनचाची भाकरी घ्यायची, चाचा खोकला दाबायला तोंडात तिचा पदर कोंबून बसलेला. लई दिस न्हाय, पर बळदात दिस मोठा आसतो. मला तेवडं ठाऊक हाय.

येक दिवस मानसं दारात आलीच. काठ्या, कुऱ्हाडी. "त्यो शायर इतंच ऱ्हातो न्हवं? कुठाय?"

सासरा नि नवरा मेंढरांकडं. सासू म्होरं झाली. "शायर? कसला शायर?"

"त्यो मौला."

"मौला पिंजारी हाय. गाद्या भरतो. बोलता येत न्हाय त्याला, मुका हाय. मुका गातोय व्हय रं?"

"गायला म्हनतेत."

"म्हननाऱ्याला घेऊन ये हितं. माज्या समोर म्हनू दे."

त्यातल्या येकानं आत डोकावलं. बळदाकडं बगितलं. तवाच आत खोकला आला, बारका, दाबलेला. सासू लगीच खोकाय लागली. वाकून वाकून खोकली. मीबी खोकले. "घरात खोकला आलाय," ती म्हनली, "लांब ऱ्हावा." ते गेले. पर जाताना म्हनले, परवाच्याला पुन्यांदा येतो.

नवरा आल्यावर म्हनला, "हितं ठेवून भागायचं न्हाय. मुरुमला चाचीचं माहेर हाय. तितं बाजारपेठ हाय, लोक हायती, पोलीस बसलेत. मेंढरात घालून नेतो."

सकाळी त्यांना भाईर काढलं. चाचाला नवऱ्याचं धोतर, तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. दाढी सासऱ्यानं सोता काढली, मेंढरं कातरायच्या कातरीनं आदी, मग वस्तऱ्यानं. चाचा खाली बगून बसला. हुसेनचाचीला माजं लुगडं नेसवलं, कपाळाला कुक्कू लावलं. कुक्कू मीच लावलं. तिनं डोळे मिटले. म्हनली, "लाव बाई. अल्लाला ठाऊक हाय." धनुकली नेता येनार न्हवती. धनगराच्या खांद्यावर धनुकली दिसली की सपलं. ती चाचानं आडाच्या काटाला टेकवून ठेवली. पुढं ती सासूनं उचलून वर माळवदावर बांदली, मग पावसानं खराब झाली.

ते गेले तवा मी माळवदावर. मला दारापतुर बी यायची सोय न्हवती, सुनंनं चाकरीच्या गड्यांना वाटं लावायला कशाला यायचं, कुनी बगितलं तर? मेंढरं म्होरं, सासरा आन नवरा म्होरं. मागं हुसेनचाची डोक्यावर गठुडं घेऊन. मधी चाचा.

लांबनंबी त्यो वळखू येत हुता. धनगर काठी मानंवर आडवी टाकतो आन दोनी हात वरनं लोंबत सोडतो. चाचानं काठी म्हाताऱ्यावानी टेकायला धरली हुती. आन मेंढरांपसनं चार पावलं लांब, अंग चोरून. बगनाऱ्याला लगीच कळलं आसतं. सडकेच्या तोंडाला चार मानसं बसलेली मला वरनं दिसत हुती. पर हाक कशी मारायची?

वड्याच्या वळनाला नवरा थांबला. मागं आला. चाचाच्या हातातली काठी घेतली, त्याच्या मानंवर आडवी ठेवली, येक हात उचलून काठीवर टाकला, मग दुसरा. खांदे खाली दाबले. आन त्याला मेंढरांच्या मधी ढकललं, तशी मेंढरं त्याला चिकटून चालाय लागली.

ते सडकेवर चढले. बसलेल्या मानसांनी मान वर केली, बगितलं, आन आपल्या चिलमीकडं वळली. मी डोळे बारीक करून बगत ऱ्हायले. समदे येकसारके दिसत हुते. त्यातला चाचा कंचा, ते मला वळखू येईना.